डोकं किती, पोट किती

थांबायचं नाही, ही एकच गोष्ट आपल्याला नीट येते असं मी बरीच वर्षं समजत होते. बाबा पक्षाघातानं अंथरुणाला खिळले ती दोन वर्षं नोकरी, घर, दवाखाना असं सगळं रेटलं. येणारे-जाणारे म्हणायचे, ‘धीराची आहे हो पोरगी.’ पोरगी तेव्हा पंचेचाळिशीची होती. कुणी ‘दमलीस का गं?’ विचारलं की ‘छे!’ हे उत्तर विचार करायच्या आधीच तोंडातून पडायचं. बाबा गेल्यावर वर्षभरानं एका सकाळी चहाचं आधण ठेवून मी ओट्यापाशी नुसती उभी राहिले. पातेलं करपल्याचा वास आईला आतल्या खोलीत आला. मी शेजारी उभी असून मला आला नाही.

मनाली ते लेह सायकलनं जायचं खूळ त्यानंतरच्या आठवड्यातलं. रोहतांगमार्गे साधारण ४७५ किलोमीटर, पाच खिंडी, त्यातल्या दोन पाच हजार मीटरच्या वर. हरवलेला चिवटपणा तिकडे कुठेतरी परत मिळेल असा हिशेब होता. आठ महिने तयारी केली. शनिवारी लांब पल्ला, रविवारी पुन्हा लांब पल्ला. एका दिवसात शंभर किलोमीटर मारणारे पुष्कळ असतात, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सीटवर पुन्हा बसताना खरं काय ते कळतं.

आम्ही पाच जण. ६३ वर्षांचे काका, एक डॉक्टरताई, दोन तरुण मुलं आणि मी. सोबत सामानाची गाडी, रोहतांगपलीकडच्या लाहौलचा एक ड्रायव्हर आणि नेपाळी आचारी.

मनालीतले दोन दिवस

मनाली दोन हजार मीटरच्या थोडं वर. इथे दोन रात्री काढायच्या त्या फक्त शरीराला सवय व्हावी म्हणून. दुसऱ्या रात्री डॉक्टरताईंनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. विरळ हवेचा आजार ओळखायला ‘लेक लुईस’ नावाची गुणपद्धत आहे. डोकेदुखी, पोट, थकवा, चक्कर, या चारांना प्रत्येकी शून्य ते तीन गुण. उंचीवर आल्यावर डोकं दुखत असेल आणि एकूण बेरीज तीन किंवा जास्त झाली, तर तो आजारच धरायचा. ऊन लागलं असेल, झोप झाली नसेल, असल्या सबबी चालणार नाहीत.

‘‘रोज संध्याकाळी जेवणाआधी प्रत्येकानं चारही आकडे मोठ्यानं सांगायचे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लाजायचं नाही.’’

‘‘ताई, कॉपी चालेल का?’’ मुलांपैकी एकानं विचारलं. सगळे हसले. कॉपी करणार होते मी, हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

त्यांच्या सल्ल्यानं मी डायमॉक्स सुरू केली होती, १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. बोटांना मुंग्या येतात, सारखं लघवीला जावं लागतं आणि सोडा मिळमिळीत लागतो. गोळी शरीराला जुळवून घ्यायला मदत करते, उंची कमी करत नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

पहिला दिवस : मनाली ते मढी

पलचान, कोठी, गुलाबा. देवदाराची झाडं, धुकं आणि चढ. सगळ्यात छोट्या गिअरवर ताशी सहा-सात किलोमीटर. सायकलवाले ज्याला ‘ग्रॅनी गिअर’ म्हणतात, त्या आजीबाईंशी पुढचे बारा दिवस माझी घट्ट मैत्री राहिली.

२०२०मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला, तेव्हापासून लाहौलकडे जाणारी बहुतेक वाहतूक खालूनच जाते. रोहतांगच्या जुन्या रस्त्यावर उरलेत ते बर्फ बघायला जाणारे पर्यटक आणि आमच्यासारखे हौशी. संध्याकाळी मढीला, ३,३०० मीटरच्या वर, आकडे सांगितले. सगळ्यांची डोकी शून्य. काकांचा थकवा दोन. ते म्हणाले, ‘‘अडीच लिहा, पण डॉक्टर घेत नाहीत.’’

दुसरा दिवस : रोहतांग ओलांडून सिस्सू

पहाटे निघालो. मढीपासून खिंड सोळा-सतरा किलोमीटर. वर पोचायला मला साडेतीन तास लागले. ३,९७८ मीटर. पर्यटकांच्या गाड्या यायच्या आत पोचलो म्हणून शांतता मिळाली. रोहतांग म्हणजे प्रेतांचा ढीग, असं सांगतात. आता तिथे भाड्याच्या कोटांचे ढीग असतात.

पलीकडे उतरायला लागल्यावर मात्र मी ब्रेक दाबून थांबलेच. मागे ओला, हिरवा, ढगांनी भरलेला डोंगर आणि पुढे कोरडा, पिवळट, उघडाबोडका. कोकणातून घाट चढून देशावर आल्यावर पाऊस जसा माथ्यावरच अडकून राहतो, तसंच. मोजमाप तेवढं दहा पट. मोसमी ढगांची ताकद ह्या भिंतीशी संपते. म्हणूनच ऐन पावसाळ्यात या रस्त्यावर सायकल चालवता येते.

उतार सुखाचा असेल असं वाटलं होतं. खडी, चिखल आणि रस्त्यावरून वाहणारं बर्फाचं पाणी. ग्राम्फूपर्यंत हाताचे पंजे ब्रेक दाबून आखडले. कोकसरला राजमा-चावल. मग चंद्रा नदीच्या काठानं सिस्सू. डोकं शून्य.

तिसरा दिवस : सिस्सू ते जिस्पा

या दिवशी एक गाव असं आलं की मी सायकल टेकवून अर्धा तास बसून राहिले. तांदी. एकीकडून चंद्रा येते, दुसरीकडून भागा. दोघी उगवतात एकाच बारालाचा खिंडीच्या आसपास, विरुद्ध दिशांना निघतात, डोंगराला मोठा वळसा घालतात आणि इथे भेटतात. पुढे त्यांचं नाव चंद्रभागा. तीच चिनाब.

आपली चंद्रभागा म्हणजे भीमा. पंढरपुरापाशी चंद्रकोरीसारखी वळते म्हणून ते नाव. दोन्ही नद्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, ठाऊक आहे. पण जुलैचा पहिला आठवडा होता, दिवस वारीचे होते. आमची आजी दोनदा पायी जाऊन आली होती. तिला कुणी ‘कशाला जातेस एवढं चालत?’ विचारलं, तर ती म्हणायची, ‘‘सगळे जातात म्हणून.’’ मला ते उत्तर लहानपणी फार फुसकं वाटायचं.

तांदीच्या पेट्रोल पंपाजवळ पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी आहे. मुलांनी पाटीसमोर रिकामी बाटली धरून फोटो काढला. केलाँगला थुक्पा, पुढे जिस्पा, ३,२०० मीटर. भागेच्या काठी तंबू. तिथून आईला फोन केला, कारण पुढे माझा फोन लागणार नव्हता. ‘‘बरी आहेस ना?’’ ‘‘हो.’’ ‘‘दमली नाहीस ना?’’ ‘‘छे.’’

चौथा दिवस : झिंगझिंगबार

उंचीवर झोपण्याचा साधा नियम आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही. जिस्पाहून झिंगझिंगबार ४,२०० मीटरच्या वर. म्हणजे एका दिवसात हजार मीटरची उडी. या रस्त्यावर मुक्काम पुस्तकातल्या नियमाप्रमाणे पडत नाहीत. सपाट जागा आणि पाणी जिथे असेल तिथे पडतात. आमच्याकडे दोन राखीव दिवस होते. एक जिस्पाला वापरायचा का, अशी चर्चा आदल्या रात्री झाली. ‘‘सगळे ठणठणीत आहोत, कशाला?’’ असं सगळ्यात मोठ्यानं कोण म्हणालं, ते सांगायला नको.

दारचाला पोलिसांच्या चौकीत नोंद. पुढे पत्सेओ, आणि त्याआधीचं दीपक ताल, त्यात डोंगर उलटा पडलेला. फोटो चांगले आलेत. मला मात्र तळ्याचं काही आठवत नाही. त्या वेळेपासून कपाळावर कुणीतरी घट्ट पट्टा आवळत होतं. रस्त्यात चार नाले होते, दुपारच्या उन्हानं बर्फ वितळून फुगलेले. एकात सायकल खांद्यावर घेऊन उतरले, पाणी पोटऱ्यांपर्यंत, आणि ते इतकं गार की काही सेकंदांनी पाय दुखायचेच बंद झाले. बाहेर आल्यावर मी कुणाची वाट न बघता पुढे निघाले. थांबलं की पट्टा जास्त आवळायचा. मी गटात दुसरी पोचले. फार अभिमान वाटला.

संध्याकाळी आकडे.

‘‘डोकं?’’

‘‘एक.’’

‘‘पोट?’’

‘‘शून्य.’’

थकवा एक, चक्कर शून्य. बेरीज दोन. पास.

मी खोटं का बोलले याचा नंतर खूप विचार केला. भीती नव्हती. आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होईल ही काळजीही खरं तर नव्हती, ती मी मागाहून जोडली. तो आकडा तोंडातून पडला, एवढंच. ‘छे’ पडायचा तसा.

रात्री दोन वाजता तंबूमागे जाऊन उलटी झाली. आचारी कंदील घेऊन बाहेर आला. मी म्हटलं, ‘‘किसी को मत बताना.’’ तो ‘‘ठीक है दीदी’’ म्हणाला आणि सकाळी चहाच्या आधी त्यानं डॉक्टरताईंना सांगितलं. भलं होवो त्याचं.

पाचवा दिवस : खाली

‘‘डोकं किती?’’ डॉक्टरताई तंबूत येऊन बसल्या.

‘‘दीड.’’

‘‘दीड नसतं.’’

मी गप्प.

‘‘तीन,’’ मी म्हटलं.

त्यांनी बोटाला ऑक्सिमीटर लावला. ७१. मग टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. तोल जाऊ लागला तर मेंदूला सूज येत असल्याची शंका घ्यायची असते आणि मग एक मिनिटही घालवायचं नसतं. मी नीट चालले. तेवढं एक बरं झालं.

‘‘आजचा मुक्काम सरचूला आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सरचूच्या दोन्ही बाजूंना खिंडी आहेत. तिथे तू बिघडलीस तर खाली आणायला तुला आधी ४,८९० मीटरवरून न्यावं लागेल. या आजारावर पक्का इलाज म्हणजे खाली उतरणं, आणि सरचूहून खाली जायचा रस्ता वरून जातो. इथून जिस्पा नुसता उतार आहे. काय ते इथेच ठरव. खरं म्हणजे ठरवू नकोस, गाडीत बस.’’

मी वाद घातला. गोळी वाढवू, तासभर पडते, हळू चालवते, सायकल ढकलत नेते. प्रत्येक वाक्य मी पूर्वी दुसऱ्या कुठल्यातरी संदर्भात बोललेलं होतं, आणि प्रत्येक वेळी समोरच्यानं माझं ऐकलं होतं. या बाईंनी ऐकलं नाही. माझी सायकल त्यांनी स्वतः गाडीच्या टपावर चढवायला घेतली.

बाहेर दोघा मुलांपैकी एक दुसऱ्याला म्हणत होता, ‘‘गेले राखीव दिवस.’’ मला ऐकू येईल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याचं चुकीचं काहीच नव्हतं.

काल पाच तास चढलेला रस्ता गाडीनं सव्वा तासात उलटा उलगडला. मी खिडकीला डोकं टेकवून रडत होते. ड्रायव्हर बराच वेळ काही बोलला नाही. दारचा आलं तेव्हा म्हणाला, ‘‘दीदी, गाड़ी में बैठने के लिए ही तो गाड़ी है।’’

जिस्पाला जेवले. दोन वाजता झोपले ती दुसऱ्या दिवशी पहाटे एकला जागी झाले, पाणी प्यायले, पुन्हा झोपले. पट्टा सुटला होता. नक्की कधी, ते कळलं नाही.

सहावा दिवस : पुन्हा वर

चारही आकडे शून्य. ऑक्सिमीटर ८८. तरी ताईंनी सकाळभर भागेच्या काठी नुसतं बसवून ठेवलं. दुपारी गाडीनं झिंगझिंगबार. बाकीच्यांनी दोन दिवस वाया घालवले नव्हते. रिकाम्या सायकली घेऊन ते बारालाचापर्यंत जाऊन परत आले होते. वर चढा, खाली झोपा, हा शरीराला सवय लावायचा सगळ्यात चांगला मार्ग. म्हणजे माझ्या आजारपणाचा फायदा त्यांना झाला. मी हे बोलून दाखवलं, तर काका म्हणाले, ‘‘मग दर दोन दिवसांनी आजारी पडत जा.’’

सातवा दिवस : बारालाचा ला, सरचू

‘ला’ म्हणजेच खिंड. बारालाचा खिंड म्हणावं किंवा बारालाचा ला, ‘बारालाचा ला खिंड’ म्हणजे गोल वर्तुळ. आम्ही बाराही दिवस तसंच म्हणत होतो.

सूरज तालापाशी भागेचा उगम. अर्धं तळं अजून गोठलेलं. मागच्या चार दिवसांत जिच्या काठानं आलो, जिच्याशेजारी आजारी पडून झोपले, ती नदी इथे एका ढांगेत ओलांडता येईल एवढी. दहा पायडल, एक थांबा, असं करत वर गेले. पूर्वी मी थांबे मोजायची, कमीपणा म्हणून. त्या दिवशी पायडल मोजली. खिंडीवर पताका फडफडत होत्या, वारा कान कापत होता, पाच मिनिटांत खाली सुटलो. भरतपूरच्या तंबूत मॅगी, किलिंग सराय, मग सपाट, लांबलचक सरचू.

संध्याकाळी मी म्हटलं, ‘‘डोकं एक, पोट एक, थकवा दोन, चक्कर शून्य.’’

बेरीज चार. क्षणभर सगळे गप्प.

‘‘छान,’’ डॉक्टरताई वहीत लिहीत म्हणाल्या. ‘‘पाणी पी. तासाभरानं पुन्हा विचारते.’’

तासाभरानं डोकं शून्य झालं, तेही खरं सांगितलं. खाऊन-पिऊन झाल्यावर उतरलं म्हणजे बराचसा उपाशी राहण्याचा प्रताप होता. आकडा दडपला असता तर हे कळलंच नसतं आणि रात्रभर मी उगाच घाबरत पडले असते.

आठवा दिवस : गाटा लूप्स

एकवीस वळणं. खालून बघितलं तर कुणी डोंगरावर सुतळी टाकून दिल्यासारखं. ट्रकवाले मधले चढ कापत जाणारे शॉर्टकट वापरत, त्यांच्या खुणा अजून दिसतात. सायकलला वळणं सोयीची, चढ अंगावर येत नाही. मी वळणांना नावं द्यायला लागले. पहिलीपासूनच्या वर्गशिक्षिका, मग शेजारी, मग ऑफिसमधले साहेब. सतराव्या वळणाला माणसं संपली.

वर एका वळणावर पाण्याच्या बाटल्यांचा ढीग आहे. गोष्ट अशी सांगतात, की खूप वर्षांपूर्वी एक ट्रक इथे बंद पडला. ड्रायव्हर मदत आणायला चालत गेला आणि क्लीनर गाडीपाशी राहिला. तो आजारी पडला. बर्फ पडून रस्ता बंद झाला, मदत यायला दिवस लागले आणि तोवर तो तहानेनं, गारठ्यानं गेला. आता जाणारे-येणारे त्याच्यासाठी पाणी ठेवतात, कुणी सिगारेट. भुताच्या भागाचं सोडा. मला त्यातलं काय टोचलं, तर त्याच्या डोक्यात किती दुखत होतं हे विचारायला तिथे कुणी नव्हतं. मी अर्धी बाटली ठेवली. भरलेली ठेवायला हवी होती, पण पुढे नकी ला होती.

नकी ला ४,७०० मीटरच्या वर, आणि तिच्यापलीकडे थोडंसंच उतरून व्हिस्की नाला. रात्री तंबूत पाण्याची बाटली झोपण्याच्या पिशवीत घेऊन झोपलो, नाहीतर सकाळी दगड.

नववा दिवस : लाचुलुंग ला, पांग

पाच हजार मीटरच्या वर पहिल्यांदा. चढ छोटा होता, म्हणून फार काही सांगण्यासारखं नाही. उताराचा रस्ता मात्र सायकलचे आणि दातांचे सगळे सांधे ढिले करणारा. माझी मागची ट्यूब दोनदा गेली.

त्या उतारावर सीमा सडक संघटनेचे मजूर भेटले. रस्ता संघटनेकडे. प्रत्यक्ष खडी फोडणारी, डांबराचे पिंप पेटवणारी माणसं झारखंडच्या दुमकाकडची. तोंडाला फडकं, अंगावर तीन स्वेटर. एकानं माझी सायकल नीट बघितली आणि विचारलं, ‘‘गाड़ी खराब हो गया क्या?’’ मी हौसेनं चालवत आलेय, हे सांगितल्यावर तो दुसऱ्याकडे वळून काहीतरी बोलला आणि दोघंही मनापासून हसले. पंक्चर काढायला त्यांनीच टायर धरून ठेवला. ते तिथे चार-पाच महिने असतात. डोकेदुखीचे गुण कुणी लिहून घेत असेल असं वाटलं नाही.

दहावा दिवस : मोरे मैदान

सगळ्यांनी सांगितलं होतं की हा सोपा दिवस. पांगहून पाच-सहा किलोमीटरचा खडा चढ आणि मग चाळीस किलोमीटर सपाट, गुळगुळीत डांबर. उंची साडेचार हजार मीटरच्या वर, पण सपाट ते सपाट. आम्ही निवांत चहा पिऊन नऊला निघालो आणि तीच चूक.

बारानंतर समोरून वारा सुटला. चढ दिसतो, संपतो. त्याचं शेवटचं वळण तुम्हाला बघता येतं. वाऱ्याला शेवट नसतो. रस्ता सरळ क्षितिजापर्यंत, त्यावर काहीच जवळ येत नाही. सपाट रस्त्यावर, ग्रॅनी गिअरवर, ताशी सात किलोमीटर. मी ओरडून पाहिलं, शिव्या देऊन पाहिल्या, ज्ञानबा-तुकाराम म्हणून पाहिलं. ज्ञानबा-तुकारामच्या ठेक्यावर पाय बरे चालतात, हे खरं आहे. दूर चांगपा लोकांच्या मेंढ्या चरत होत्या, वाऱ्याकडे पाठ करून. शहाण्या.

आम्ही आळीपाळीनं पुढे राहून एकमेकांना आडोसा दिला. चार वाजता काकांनी हात वर करून गाडी थांबवली, सायकल टपावर दिली आणि आत बसून शेंगदाणे खायला लागले. ‘‘गाडीचे पैसे भरलेत मी,’’ ते म्हणाले. आदल्या दिवशीही ते आठ किलोमीटर गाडीत होते आणि त्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी तेच सायकलवर बसलेले होते. मी दहा दिवस हे बघत होते. तोपर्यंत त्यांच्याकडे पाहून मनात म्हणायची, ‘वय झालं बिचाऱ्यांचं.’

पावणेसहाला मुक्कामाचं डेब्रिंग अजून चौदा किलोमीटर. राखीव दिवस संपलेले, उद्या सगळ्यात उंच खिंड, आणि माझ्या हाताची बोटं ब्रेकवर आहेत की नाहीत हे बघून ठरवावं लागत होतं. गाडी शेजारून हळूहळू येत होती. डॉक्टरताईंनी खिडकीतून विचारलं नाही, नुसतं बघितलं.

‘‘डोकं शून्य, पोट शून्य,’’ मी वाऱ्यात ओरडले, ‘‘थकवा तीन.’’

आणि उतरले. काकांनी सरकून जागा केली, शेंगदाणे पुढे केले. ते चौदा किलोमीटर मी सायकलनं केलेले नाहीत. झिंगझिंगबारपासूनचे बाकी सगळे केले. दोघं मुलं हट्टानं चालवत आली, अंधार पडल्यावर पोचली आणि दोघांचेही चेहरे उजळलेले होते. त्यांना ते जमणार होतं, त्यांनी ते केलं. मला हेवा वाटला. तो अजूनही वाटतो.

अकरावा दिवस : तांगलांग ला

५,३२८ मीटर. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून जरासा जास्त. म्हणजे प्रत्येक श्वासात तिथल्या निम्माच माल येतो. पहाटे साडेपाचला निघालो, वारा उठायच्या आत. काका पुढे.

वर जाताना चार श्वासांत एक पायडल अशी लय लागली. गारा पडल्या, पंधरा मिनिटं. शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये मी तेरा वेळा थांबले. घाई नव्हती. खिंडीत पोचले तेव्हा दहा वाजले होते. आपल्याला तिथे काहीतरी वाटेल, बाबांची आठवण येईल, रडू येईल, असं मी आठ महिने धरून चालले होते. खरं सांगायचं तर भूक लागली होती. पाटीपाशी उभं राहून गूळपोळी खाल्ली, मुलांनी फोटो काढला, त्यात माझं तोंड भरलेलं आहे.

पुढचा उतार मात्र मी कधी विसरणार नाही. रुमत्से, ग्या. पाच दिवसांनी पहिलं झाड दिसलं, पॉप्लरच्या जातीचं कुठलंतरी सरळसोट. मग सातूची हिरवी शेतं. जांभळट-लाल खडकांची घळ. उपशीला सिंधू. नाकात हवा अशी भरत होती, जशी जेवणात तिसऱ्यांदा वाढलेली बासुंदी.

बारावा दिवस : लेह

पन्नासेक किलोमीटर. कारू, ठिकसेचा मठ, शे. गाड्या, लष्कराचे ट्रक, भोंगे. लेहच्या आधीचा छोटासा चढ, ज्याबद्दल कुणी सांगत नाही, त्यानं शेवटी सगळ्यांचा जीव काढला. बाजारात पोचलो तर कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. एका दुकानदारानं ‘‘जुले’’ म्हटलं आणि सायकल दारातून बाजूला घ्यायला सांगितली.

संध्याकाळी आकड्यांची वही शेवटची उघडली. ताईंनी पानं उलटून मला चौथ्या दिवसाचं पान दाखवलं. ‘डोकं १’, त्याच्यापुढे त्यांनी त्याच रात्री पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढलेलं होतं.

‘‘मग तेव्हाच का नाही बोललात?’’

‘‘तू बोलशील म्हणून वाट बघितली. चुकलंच माझं,’’ त्या म्हणाल्या.

मग खोलीवर येऊन आईला फोन लावला.

‘‘पोचलीस? बरी आहेस ना? दमली नाहीस ना?’’

‘‘डोकं शून्य, पोट एक. थकवा तीन.’’

‘‘हे काय गं?’’

मी तिला सगळी पद्धत समजावून सांगितली. शून्य म्हणजे काही नाही, तीन म्हणजे अगदी असह्य. तिनं नीट ऐकून घेतलं. मग बराच वेळ काही बोललीच नाही, मला वाटलं रेंज गेली.

‘‘गुडघ्याला देता येतात का गुण?’’ तिनं विचारलं.

‘‘देता येतील की.’’

‘‘मग लिही. उजवा दोन, डावा तीन. गेल्या दिवाळीपासून.’’